आधी खटका, मग वर्धक

विज्ञान शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याला मध्यरात्री उठवून विचारले, "ट्रान्झिस्टर म्हणजे काय?" तर तो डोळे चोळीत चोळीत सांगेल, "दुर्बल संदेशाला प्रबल करणारे साधन." उत्तर बिनचूक आहे, पैकीच्या पैकी गुण देण्यासारखे आहे. पण त्याच विद्यार्थ्याच्या हातात एक ट्रान्झिस्टर, एक नऊ व्होल्टची बॅटरी, दोन-चार रोध आणि एक चिमुकला दिवा ठेवून "हा दिवा या ट्रान्झिस्टरने लाव आणि विझव" असे म्हटले, तर त्याची गाळण उडण्याचीच शक्यता अधिक. इतरांचे कशाला, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना कोणी मला असे सांगितले असते, तर माझीही उडाली असती.

हे असे का व्हावे आणि त्यावर काय करता येईल, याबद्दल माझे एक मत झाले आहे. ते प्राध्यापक मंडळींना कदाचित रुचणार नाही. पण महाविद्यालयाच्या अंकात नाही मांडायचे, तर कोठे मांडायचे? माझे म्हणणे एका वाक्यात असे: ट्रान्झिस्टर हा आधी खटका म्हणून शिकवावा आणि मग वर्धक म्हणून, आणि खटका म्हणून शिकवताना तो फळ्यावर न शिकवता विद्यार्थ्याच्या हाताने शिकवावा.

या मतापर्यंत मी ग्रंथ वाचून आलो नाही. मला तेथे आणून सोडले ते पाण्याच्या एका टाकीने.

मी वडोदऱ्यास राहतो. माझी बहीणही येथेच, रावपुऱ्याच्या बाजूस असते. येथे नळाला दिवसभर पाणी नसते. ज्या त्या भागाची वेळ ठरलेली असते. त्या वेळात खालची टाकी भरून घ्यायची आणि मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचे, हा घरोघरचा नित्यनेम. पंप लावून माणूस कामात गुंतला की वरची टाकी भरून वाहू लागते, जिन्यावरून ओहोळ येतो आणि शेजारी हाका मारू लागतात. माझी भाची तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. टाकी भरली की वाजणारी घंटी तिने तयार केली. एक बीसी ५४७ जातीचा ट्रान्झिस्टर, एक बझर, एक बॅटरी आणि पाण्यात सोडायच्या दोन तारा. पाणी दोन्ही तारांना टेकले की पाण्यातून थोडासा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळावा आणि बझर वाजावा, अशी योजना. एका विज्ञान प्रदर्शनात तिने ती मांडली. काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यात दोन तारा. बझर असा खणखणीत वाजला की पाहणारे दचकले. तिला बक्षीसही मिळाले.

मग ती घंटी टाकीवर चढली. पहिल्याच दिवशी टाकी भरली, वाहिली, जिना भिजला. आणि बझर वाजला नाही असे नाही, पण एखादा डास कानाशी गुणगुणावा तसा वाजला. भाची रडकुंडीला आली. "मामा, पेल्यात तर किती छान वाजत होता हो!"

"पेल्यात नुसते पाणीच होते ना?" मी विचारले.

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "चिमूटभर मीठ घातलं होतं. सगळेच घालतात."

सगळेच घालतात हे अगदी खरे. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, प्रयोग हमखास यशस्वी होतो. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे. पण शीत त्याच भांड्यातले हवे ना! टाकीतल्या गोड्या पाण्याचा रोध कितीतरी जास्त. आम्ही गच्चीवर मल्टिमीटर नेऊन मोजले, तेव्हा बेसला मिळणारा प्रवाह होता सुमारे २५ मायक्रोॲम्पिअर. ट्रान्झिस्टरचा गुणांक २०० धरला, तरी कलेक्टरमधून वाहणार ५ मिलिॲम्पिअर. बझरला हवे होते २०. कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये मोजले, तर मीटरने जवळजवळ ५ व्होल्ट दाखवले. म्हणजे नऊ व्होल्टच्या बॅटरीतला अर्ध्याहून अधिक दाब ट्रान्झिस्टरच गिळून बसला होता. खटका उघडाही नव्हता आणि बंदही नव्हता. तो त्रिशंकूसारखा मध्येच लटकला होता.

येथे मूळ मुद्दा येतो. खटक्याचे ब्रीद काय? 'हो' म्हणायचे तर पुरते 'हो', आणि 'नाही' म्हणायचे तर पुरते 'नाही'. आपल्याकडे ज्यांनी उसाला दारे धरली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पाटाच्या कडेला खोरेभर माती ओढली की अख्ख्या सरीचे पाणी अडते. ती माती बाजूला केली की पाणी वाहू लागते. पाणी पाटाचे, जोरही पाटाचाच. माणसाचे श्रम फक्त खोरेभर मातीचे. ट्रान्झिस्टरचा बेस म्हणजे ती खोरेभर माती. पण दार अर्धवट मोडून ठेवले तर काय होते? पाणी सरीला पुरेसे मिळत नाही आणि दाराची माती मात्र झिजत राहते. ट्रान्झिस्टरचेही तसेच. अर्धवट उघडलेला ट्रान्झिस्टर काम नीट करीत नाही आणि वर स्वतः तापतो.

आकड्यांत सांगायचे, तर १२ व्होल्टवर १०० मिलिॲम्पिअर घेणारा एखादा दिवा घ्या. ट्रान्झिस्टर बंद असताना त्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही, उष्णता नाही. पुरता उघडला, की त्याच्या टोकांमध्ये ०.२ व्होल्टच्या आसपास दाब उरतो. उष्णता २० मिलिवॉट. पण अर्ध्यावर अडकला, म्हणजे ६ व्होल्ट आणि ५० मिलिॲम्पिअर अशी स्थिती झाली, तर तीच उष्णता ३०० मिलिवॉट. पंधरा पट! बीसी ५४७ ला १०० मिलिॲम्पिअर ही तर शेवटची मर्यादा आहे. तेथवर जाऊ नये हे वेगळे सांगायला नको.

खटका पुरता उघडायचा, तर बेसला हात आखडता घेऊन चालत नाही. पुस्तकात ट्रान्झिस्टरचा गुणांक २०० किंवा ३०० लिहिलेला असतो. खटका करायचा असेल तेव्हा तो आकडा विसरावा आणि १० ते २० एवढाच धरावा. समजा, १२ व्होल्टचा लहान रिले आहे, त्याच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहम आहे. त्याला ३० मिलिॲम्पिअर लागणार. गुणांक १० धरला तर बेसला ३ मिलिॲम्पिअर हवेत. बेसला ५ व्होल्टकडून प्रवाह द्यायचा असेल, तर बेस-एमिटरमधले ०.७ व्होल्ट वजा करून उरतात ४.३. भागाकार करा, १.४ किलोओहम येतील. जवळचा कमी रोध १ किलोओहम घ्यावा आणि निश्चिंत व्हावे. यात कलनशास्त्र नाही की क्वांटम यामिकी नाही. सातवीच्या मुलाला येईल असा भागाकार आहे. पण तो कोणासाठी करायचा हे माहीत हवे.

भाचीची घंटी आम्ही कशी सुधारली तेही सांगतो. एका ट्रान्झिस्टरपुढे दुसरा लावला. पहिल्याचा कलेक्टर १ किलोओहमच्या रोधातून बॅटरीला आणि त्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला. टाकीतून येणाऱ्या २५ मायक्रोॲम्पिअरचे पहिल्याने ५ मिलिॲम्पिअर केले. ते दुसऱ्याला मिळाले आणि दुसरा पुरता उघडला. मीटरवर ५ व्होल्टच्या जागी ०.१ दिसू लागले. बझरचा आवाज तळमजल्यावर ऐकू आला. तांब्याच्या तारा पाण्यात हिरव्या पडू लागल्या होत्या, म्हणून त्यांच्या जागी स्टीलच्या पट्ट्या लावल्या. आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस मोकळा लोंबकळू नये, म्हणून तेथून बॅटरीच्या ऋण टोकाला १० लाख ओहमचा एक रोध दिला. नाही तर लांब तारेवर घरातल्या विजेची गुणगुण उतरते आणि टाकी रिकामी असतानाही घंटीला भास होऊ लागतात.

भाची पेल्याच्या वेळी चुकली आणि गच्चीवर शिकली. पण मला तिचा राग आला नाही. मला माझ्याच विद्यार्थिदशेचा राग आला. ट्रान्झिस्टरवर मीही प्रात्यक्षिके केली होती. निविष्ट आणि निर्गत असे आलेख काढले होते, वह्या सुवाच्य अक्षरांत भरल्या होत्या, तपासून घेतल्या होत्या. त्या आलेखावर एक तिरकी रेषा असते, तिला भार-रेषा म्हणतात. तिच्या वरच्या टोकाला ट्रान्झिस्टर पुरता उघडा असतो, म्हणजे सॅच्युरेशन; खालच्या टोकाला पुरता बंद असतो, म्हणजे कटऑफ. आम्हाला सांगितले जाई की या दोन्ही टोकांपासून दूर राहा, मधला बिंदू धरा. टोकाला गेलात तर संदेश विकृत होतो. वर्धकासाठी ते शंभर टक्के खरे. परंतु त्यामुळे मनावर काय ठसले? तर ही दोन टोके म्हणजे जणू अस्पृश्य वस्ती, भल्या ट्रान्झिस्टरने तिकडे फिरकू नये. आणि खटक्याचा तर सारा संसार त्या दोन टोकांवरच! मधला प्रदेश त्याने शक्य तितक्या लवकर ओलांडायचा. जी जागा आम्ही टाळायला शिकलो, तेथेच भाचीच्या घंटीला राहायचे होते. आणि जी जागा उत्तम म्हणून शिकलो, तेथे ती अडकून पडली होती.

म्हणून मी म्हणतो, टोके आधी शिकवा. 'बंद' आणि 'चालू' या दोन अवस्था विद्यार्थ्याच्या बोटांना कळल्या, की मधला प्रदेश आपोआप उत्सुकता जागवतो. अर्धवट उघडा ठेवला तर काय होईल, असे तोच विचारील. आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच वर्धक. आज आपण करतो ते उलटे. पोहता येण्यापूर्वी प्रवाहाचे गणित.

यावर आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप प्राध्यापकांचा: वर्धन हाच ट्रान्झिस्टरचा खरा पराक्रम, खटका हा त्याचा ढोबळ उपयोग. १६ डिसेंबर १९४७ रोजी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांना ट्रान्झिस्टर गवसला तो वर्धक म्हणूनच, हे मान्य. १९५६ साली शॉक्ली यांच्यासह त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण जग पुढे कोठे गेले? आज आपल्या खिशातल्या फोनच्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, आणि त्यांतले बहुतेक सगळे दिवसरात्र 'हो' आणि 'नाही' एवढेच म्हणत असतात. ते वेगळ्या जातीचे आहेत, त्यांच्या द्वाराला सतत प्रवाह द्यावा लागत नाही. पण काम खटक्याचेच. संख्येने पाहिले तर वर्धन हाच अपवाद झाला आहे.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा, आणि तो अधिक जोरकस आहे. ते म्हणतील, "हे सगळे जुने झाले. आता आर्डुइनोचा बोर्ड मिळतो, रिलेचा तयार तुकडा मिळतो. चार तारा जोडल्या की झाले." जरूर जोडाव्यात. पण त्या बोर्डाच्या एका टोकातून सुमारे २० मिलिॲम्पिअरच मागावेत असा दंडक आहे, आणि ५ व्होल्टच्या साध्या रिलेला सत्तरएक लागतात. मग मध्ये कोण उभा असतो? त्या तयार तुकड्यावर भिंग धरून पाहा. तेथेही एक ट्रान्झिस्टर, एक रोध आणि एक डायोड बसलेला दिसेल. तो डायोड कशाला आहे हे किती जण सांगतील? रिले बंद होताना त्याच्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. तो उलट दाबाचा असा तडाखा देतो की ४५ व्होल्ट सोसणारा बीसी ५४७ त्यात खलास होऊ शकतो. डायोड त्या प्रवाहाला परतीची वाट करून देतो. हे ज्याला माहीत आहे, त्याचा तुकडा बिघडला तर तो दुरुस्त करील; ज्याला नाही, तो नवा विकत आणील.

शिवाय काटकसरीचाही विचार आहे. आर्डुइनो उनोसारखा बोर्ड काहीही न करता नुसता जागा राहायलाच ४०-५० मिलिॲम्पिअर खातो. नऊ व्होल्टची लहान बॅटरी त्याला एक दिवसही पुरत नाही. भाचीच्या घंटीचा ट्रान्झिस्टर टाकी रिकामी असताना जवळजवळ शून्य खातो. जो फक्त हाक मारल्यावर उठतो आणि एरवी निजून राहतो, असा पहारेकरी बॅटरीवर चालणाऱ्या कामाला हवा. मुंगी मारायला तोफ कशाला?

तिसरा आक्षेप वेळेचा आणि अभ्यासक्रमाचा. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही, वडोदऱ्यापाशी आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी या गावात कलाभवन काढले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनाचे जाणकार. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे नुसते ऐकायचे नव्हते, हाताने करायचे होते. आणि ते देशी भाषांतून, गुजराती-मराठीतून समजावून घ्यायचे होते. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके या कलाभवनाचे विद्यार्थी. आज ती वास्तू महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेकडे आहे. मी तिच्यावरून जातो तेव्हा मनात येते, की ज्या काळी गावात वीजही नव्हती, त्या काळी हात आणि मातृभाषा यांच्या जोरावर तंत्र शिकवता येईल असे एका संस्थानिकाला वाटले. आपल्याला ते आज अशक्य वाटावे?

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. पण दोन्ही विभागांचे वाचक प्रयोगशाळेत एकाच टेबलाशी उभे राहतात, आणि परीक्षा आली की दोघेही इंग्रजीतली एकच व्याख्या पाठ करतात. खटका हाताने केला, की तो मराठीत किंवा कन्नडमध्ये शेजाऱ्याला सांगता येतो. पाठ केलेली व्याख्या सांगता येत नाही. आणि ज्या बंगळूरला १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना निघाला, ज्याने आपल्या देशात ट्रान्झिस्टर बनवले, ते बंगळूर काही आपल्याला परके नाही.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. पहिल्या वर्षाच्या एकाच प्रात्यक्षिकाची अदलाबदल करावी. दोघा-दोघांच्या जोडीला चार बीसी ५४७, काही रोध, एक दिवा, १२ व्होल्टचा एक रिले, एक डायोड आणि एक मल्टिमीटर द्यावा. ट्रान्झिस्टरची किंमत चहाच्या कपाहून कमी असते, तेव्हा खर्चाचे निमित्त चालणार नाही. प्रथम बेसला १०० किलोओहम लावून रिले ओढून पाहावा. तो ओढणार नाही. मग १ किलोओहम लावावा. तो 'टक्' करील. दोन्ही वेळा कलेक्टर-एमिटरमधला दाब मोजून लिहावा. एवढे दोन आकडे जन्मभर पुरतील. रिलेच्या पलीकडच्या बाजूला मात्र बॅटरीवरचा दिवाच असावा. घरातल्या २३० व्होल्टच्या वाटेला पहिल्या वर्षी कोणीही जाऊ नये.

आणि एक अट. एखाद्याने बेसचा रोध विसरून ट्रान्झिस्टर जाळला, तर दंड वसूल करू नये. जळालेला ट्रान्झिस्टर वहीला चिकटवून, तो का जळाला हे त्याने आपल्या शब्दांत लिहावे, आणि त्याला गुण द्यावेत. आमच्या वेळी प्रयोगशाळेत काही मोडण्याची इतकी धास्ती असे, की आम्ही काही जोडलेच नाही.

भाचीची घंटी अजून टाकीवर आहे. प्रदर्शनातले बक्षीस कपाटात कोठेतरी पडले आहे, ते तिला आठवतही नसेल. पण टाकी भरली की घंटी वाजते, बहीण पंप बंद करते आणि जिना कोरडा राहतो. पेल्यात मीठ न घालता वाजणारी घंटी प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी एकदा तरी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.